डावा गाल, उजवं अंग आणि मधले साडेसात सेंटिमीटर

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही धागा लागेल. इंदूरला राजेंद्रनगरात आमच्या शेजारी वाढलेली मुलगी यंदा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. तिनं लिहिलंय, "काका, ब्रेनस्टेमचे सेक्शन पाठच होत नाहीत, सगळ्या चकत्या सारख्याच दिसतात. आणि दुसरं म्हणजे, आजोबांना मागच्या महिन्यात मेंदूचा झटका आला, त्यात डावा गाल बधिर झाला आणि उजवीकडे खांद्यापासून तळपायापर्यंत गरम पाणी कळेनासं झालं. हातापायांतली ताकद मात्र जशीच्या तशी. झटका एका बाजूचा, मग बिघाड दोन्हीकडे कसा?"

अगं, हे दोन प्रश्न वाटतात, पण आहे एकच. आजोबांच्या अंगावर जे उमटलंय तोच तुझ्या पुस्तकातला सेक्शन आहे. तो वाचता आला की पाठ करायला फारसं उरत नाही.

ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूला खालच्या मज्जारज्जूशी जोडणारा दांडा, तीन मजल्यांचा. त्याचं माप आधी डोळ्यांसमोर आण. सगळ्यात खाली मेड्युला साधारण ३ सेंटिमीटर, त्यावर पॉन्स अडीच, त्यावर मिडब्रेन २. म्हणजे सगळं मिळून साडेसात सेंटिमीटर. मेंदूतून हातापायांना सुटलेला प्रत्येक हुकूम एवढ्याशा जागेतून खाली जातो, मानेखालची प्रत्येक जाणीव इथूनच वर चढते, आणि भरीस भर म्हणून बारापैकी दहा क्रॅनियल नर्व्हचा (डोळे, चेहरा, घसा वगैरे सांभाळणाऱ्या नसांचा) कारभारही इथलाच. पहिली वासाची आणि दुसरी नजरेची, या दोघींचं मूळ इथे नाही. अकरावीचं बहुतेक मूळ मानेतल्या मज्जारज्जूत असतं, पण रिवाज म्हणून तिला इथल्यांतच धरतात.

आता आपला एबी रोड घे. देवासनाक्याकडून विजयनगर, पलासिया, गीताभवन, नवलखा, भंवरकुआं करत तो राऊकडे उतरतो. समज तू राऊला उभी आहेस आणि बसच येत नाही. रस्ता वर कुठेतरी अडलाय एवढंच तुला कळेल. कुठे, ते नाही कळणार. पण कुणी फोन करून सांगितलं की गीताभवनचा सिग्नल बंद आहे आणि चौकातली दुकानं अंधारात आहेत, की लगेच जागा सापडते. ब्रेनस्टेममध्ये वरखाली धावणारे लांब मार्ग म्हणजे तो रस्ता, आणि क्रॅनियल नर्व्ह म्हणजे चौक. हातपाय लुळे पडले याचा अर्थ बस आली नाही. अडथळा मेंदूत असेल, पॉन्समध्ये असेल, मानेत असेल. सोबत एखादी क्रॅनियल नर्व्ह गेली असेल तर चौकाचं नाव मिळालं.

चौक वरून खाली मोज. मिडब्रेनमध्ये तिसरी आणि चौथी. पॉन्समधून पाचवी, पॉन्स आणि मेड्युलाच्या सांध्यावर सहावी, सातवी, आठवी, यांना पॉन्सच्याच खात्यात घाल. मेड्युलात नववी ते बारावी. दोन, चार, चार. एवढं झालं की मजला कळतो.

मजला कळला, आता लेन. एबी रोडच्या मधोमध बीआरटीएसची, म्हणजे फक्त बसची, लेन होती (२०२५ मध्ये काढायला घेतली, पण तू लहानपणापासून पाहिलीस), बाजूला बाकीची वाहतूक. ब्रेनस्टेमचंही तसंच आहे. मधली पट्टी वेगळी, बाजूची वेगळी. असं का, हे समजायला गर्भातल्या मज्जानलिकेकडे जावं लागतं. तुम्हा मुलांना परीक्षेत तो भाग नकोसा वाटतो, पण इथे तोच वाचवतो.

बटल्याची (मटाराची) एक शेंग हातात घे. मज्जारज्जू म्हणजे बंद शेंग. तिचा पाठीकडचा अर्धा भाग जाणीव घेणारा, पोटाकडचा अर्धा हालचाल करवणारा. मेड्युला आणि पॉन्सच्या पातळीवर ही शेंग पाठीच्या शिवणीवर उकलते आणि पसरते. मधल्या पोकळीचं चौथं व्हेंट्रिकल होतं. आता शेंग उकलून बघ. पाठीकडचे काठ बाहेर, डाव्या-उजव्या बाजूंना गेले. पोटाकडचा भाग मध्ये राहिला. म्हणून ब्रेनस्टेममध्ये हालचालीची केंद्रं मध्यरेषेकडे आणि जाणिवेची बाजूला. दोघांच्या हद्दीवर एक बारीकशी खाच असते, सल्कस लिमिटान्स. चौथ्या व्हेंट्रिकलच्या तळावर ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. डिसेक्शन हॉलमध्ये पुढच्या वेळी शोध.

मधल्या पट्टीला चिकटलेल्या नर्व्ह कुठल्या? तिसरी, चौथी, सहावी आणि बारावी. पहिल्या दोन सोडल्या तर १२ ला पूर्ण भागणारे आकडे. ही युक्ती माझी नाही. पीटर गेट्स या ऑस्ट्रेलियन न्यूरॉलॉजिस्टनं २००५ मध्ये ब्रेनस्टेमचा 'चारचा नियम' मांडला, त्यातली आहे. त्याच नियमात मधल्या पट्टीत चार गोष्टी येतात: हालचालीचा मार्ग, मीडियल लेम्निस्कस (सूक्ष्म स्पर्श आणि सांध्यांची स्थिती), दोन्ही डोळ्यांना जोडणारा मीडियल लाँगिट्युडिनल फॅसिक्युलस, आणि त्या मजल्यावरचं हालचालीचं न्यूक्लियस, म्हणजे पेशींचं केंद्र. बाजूच्या पट्टीतही चार: स्पायनोसेरेबेलर मार्ग (सेरेबेलमकडे, म्हणजे लहान मेंदूकडे जाणारा), स्पायनोथॅलॅमिक मार्ग (वेदना आणि तापमान), पाचवीचं जाणिवेचं न्यूक्लियस, आणि डोळ्याकडे जाणारा सिंपथेटिक मार्ग. पाचवी, सातवी, नववी, दहावी आणि अकरावी या बाजूच्या पट्टीतल्या. मी शिकत होतो तेव्हा हे असं कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही रंगीत पेन्सिलींनी चकत्या काढत बसलो आणि परीक्षा संपली की विसरलो.

रक्तपुरवठाही नेमका याच पट्ट्या मानतो. छोट्या धमन्या मधून सरळ आत शिरतात आणि मध्यरेषा सांभाळतात. लांब धमन्या वळसा घालून बाजूला पोचतात. म्हणून एक धमनी बंद पडली की बहुतेकदा एकच पट्टी जाते, सगळा मजला नाही.

आता आजोबा. यातलं खरं मर्म रस्ते बाजू कुठे बदलतात यात आहे.

हालचालीचा मार्ग मेड्युलाच्या अगदी तळाशी, पिरॅमिड नावाच्या उंचवट्यापाशी ओलांडतो; त्यातले ८५ ते ९० टक्के धागे पलीकडे जातात. सूक्ष्म स्पर्शाचा मार्ग मज्जारज्जूतून आपल्याच बाजूनं चढत येतो आणि मेड्युलाच्या खालच्या भागात ओलांडतो. वेदना आणि तापमानाचा मार्ग मात्र उतावळा. तो मज्जारज्जूत शिरला की एकदोन पातळ्यांतच पलीकडे जातो आणि पलीकडूनच वर चढतो. म्हणजे उजव्या पायाचं गरम-गार मेड्युलात पोचेपर्यंत केव्हाच डाव्या बाजूला आलेलं असतं.

आणि चेहऱ्याचं? पाचवी नर्व्ह पॉन्समध्ये शिरते, पण तिचे वेदना-तापमानाचे धागे लगेच ओलांडत नाहीत. ते आधी त्याच बाजूनं खाली उतरतात, मेड्युला पार करून मानेच्या वरच्या दोन-तीन पातळ्यांपर्यंत, आणि तिथल्या न्यूक्लियसमध्ये थांबल्यावर मग ओलांडतात. त्यामुळे मेड्युलाच्या डाव्या कडेला एक विचित्र शेजार तयार होतो: डाव्या गालाचे धागे, जे अजून ओलांडले नाहीत, आणि त्यांना लागूनच उजव्या अंगाचे धागे, जे आधीच ओलांडून आले. तिथे बोराएवढा भाग मेला की डावा गाल आणि उजवं अंग, दोन्ही एकाच वेळी जातात. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. बिघाड दोन्हीकडे दिसतो, जागा एकच.

शेजारी आणखी कोण राहतं ते बघ, म्हणजे आजोबांची बाकीची तक्रार उलगडेल. तू लिहिलंयस की आवाज घोगरा झाला आणि चहाचा घोट नाकात येतो. ते न्यूक्लियस अँबिग्युअस, म्हणजे नववी-दहावीचं घसा आणि स्वरयंत्र हलवणारं केंद्र. डावी पापणी किंचित खाली आणि डावी बाहुली बारीक: तो सिंपथेटिक मार्ग, ज्याला हॉर्नर सिंड्रोम म्हणतात. घर फिरल्यासारखं वाटणं आणि उलट्या: आठवीची व्हेस्टिब्युलर, म्हणजे तोलाची, न्यूक्लियस. चालताना डावीकडे झोक जाणं आणि डाव्या हातानं घासाचा नेम चुकणं: सेरेबेलमकडे जाणारा देठ. दोन दिवस चाललेली उचकी: तीही मेड्युलाचीच खूण. तुझ्या आजीनं साखर भरवली आणि "गावाकडचं कोणी आठवण काढतंय" म्हणाली, त्यात तिची चूक नाही. उचकीकडे डॉक्टरही फारसं लक्ष देत नाहीत.

आणि हातपाय का वाचले? पिरॅमिड मधल्या पट्टीत. जीभ का सरळ? बारावी मधल्या पट्टीत. सांधा कुठे वळलाय हे डोळे मिटूनही का कळतं? मीडियल लेम्निस्कस मधल्या पट्टीत. मधली लेन मोकळी आहे, बाजूची बंद आहे. हे चित्र आडोल्फ वॉलेनबर्ग या जर्मन डॉक्टरनं १८९५ मध्ये एका रुग्णात वर्णन केलं. रुग्ण जिवंत असताना केवळ तपासणीवरून त्यानं जागा सांगितली आणि पुढे १९०१ मध्ये शवविच्छेदनात ती बरोबर निघाली. ना सीटी, ना एमआरआय. पुस्तकात हे पोस्टेरियर इन्फीरियर सेरेबेलर धमनीच्या नावावर लिहिलेलं असतं, पण मूळ अडथळा बऱ्याचदा तिच्या आधीच्या व्हर्टिब्रल धमनीत असतो.

इथे एक माझी गोष्ट सांगतो, कारण ती तुझ्या नोट्समध्ये नसेल. मी रेसिडेंट होतो, दुसऱ्या शहरात. पन्नाशीचा माणूस आला, चक्कर, दोन उलट्या, उचकी. हातपायांची ताकद छान, सीटी स्वच्छ. मी कानाची चक्कर म्हणून गोळ्या लिहून घरी पाठवलं. रात्री तो परत आला, जेवणाचा घास श्वासनलिकेत गेलेला, छाती भरलेली. वरिष्ठांनी खिशातला ट्यूनिंग फोर्क (नादकाटा) नळाखाली धरला, थंड झाल्यावर त्याच्या दोन्ही गालांना आणि दोन्ही पोटऱ्यांना लावला, आणि अर्ध्या मिनिटात निदान केलं. मी गरम-गार विचारलंच नव्हतं. त्याला उभं करून चालवलंही नव्हतं. तेव्हापासून चक्कर आलेला माणूस चार पावलं चालून दाखवल्याशिवाय माझ्या खोलीतून बाहेर जात नाही.

सीटीचं सांगतो. ब्रेनस्टेमभोवती कवटीचं जाड हाड आहे, त्यामुळे सीटीत हा भाग धड दिसत नाही. एमआरआयसुद्धा पहिल्या एकदोन दिवसांत हा झटका कधीकधी दाखवत नाही. म्हणून अचानक चक्कर आली आणि सोबत गिळायला त्रास, बोबडेपणा, दोन दोन दिसणं, चेहरा बधिर होणं किंवा आधाराशिवाय उभंच राहता न येणं, यातलं काहीही असलं तर रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून घरी जाऊ नये. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सगळ्यांना नाही. आणि घरच्यांसाठी एक: झटक्याचा संशय असला तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडात पाणीसुद्धा घालू नये. आपल्याकडे पहिली गोष्ट होते ती हीच, चमच्यानं पाणी.

बाकीचे मजले आता भराभर होतील. मेड्युलाची मधली पट्टी गेली तर आजोबांच्या नेमकं उलटं चित्र: विरुद्ध बाजूचे हातपाय लुळे, तिथली सांध्यांची जाणीव गेलेली, आणि जीभ बाहेर काढली की बिघाडाच्या बाजूला वळते. जीभ ढकलणारा स्नायू असतो, त्यामुळे निरोगी बाजू तिला कमजोर बाजूकडे ढकलते. टाळूचं उलटं. टाळू वर ओढणारा स्नायू असतो. हे लक्षात ठेव, शेवटी लागेल.

पॉन्समध्ये एकच जागा मला फार आवडते. सातवी नर्व्ह आपल्या न्यूक्लियसमधून निघून सरळ बाहेर पडत नाही. ती मागे जाते, सहावीच्या न्यूक्लियसला वळसा घालते आणि मग बाहेर येते. त्या वळशाचा उंचवटा चौथ्या व्हेंट्रिकलच्या तळावर दिसतो, फेशियल कॉलिक्युलस. म्हणून तिथे इजा झाली की अर्धा चेहरा कपाळासकट पडतो आणि डोळे त्या बाजूला वळत नाहीत, दोन्ही एकदम. पुढच्या बाजूला, पॉन्सच्या पायथ्याशी, हालचालीचे सगळे धागे दोन्हीकडचे एकत्र असतात. बॅसिलर धमनी बंद पडून तो पायथा गेला की माणूस पूर्ण जागा, सगळं ऐकतो, समजतो, पण हलवू शकतो फक्त पापण्या आणि डोळे वर-खाली. प्लम आणि पोझ्नर यांनी १९६६ मध्ये याला 'लॉक्ड-इन' हे नाव दिलं. वर-खाली नजरेची व्यवस्था मिडब्रेनमध्ये आहे, तेवढी वाचते. असा रुग्ण बेशुद्ध समजून त्याच्या उशाशी नातेवाईक खर्चाची चर्चा करतात. मी त्यांना बाहेर नेतो.

मिडब्रेनला तिसरी. ती गेली की पापणी पूर्ण मिटते, बाहुली मोठी होते, डोळा बाहेर-खाली जातो. हॉर्नरमध्ये पापणी जरा झुकते आणि बाहुली बारीक असते, ही तुलना पक्की कर. तिसरीचे धागे बाहेर पडताना हालचालीच्या मार्गाला घासून जातात, म्हणून एकीकडचा डोळा आणि दुसरीकडचे हातपाय. तो वेबर सिंड्रोम. चौथी बारीक, पण तऱ्हेवाईक: ब्रेनस्टेमच्या मागून निघणारी एकटीच, आणि बाहेर पडायच्या आधी पूर्ण ओलांडणारीही. ती दुखावली की जिना उतरताना एका पायरीच्या दोन दिसतात.

या सगळ्याच्या गाभ्यात रेटिक्युलर फॉर्मेशन, नावाप्रमाणे जाळंच. त्यातला वरचा भाग मेंदूला जागं ठेवतो. मोरुझी आणि मॅगून यांनी १९४९ मध्ये ते दाखवलं. खाली मेड्युलात श्वासाचा ठेका धरणारा पेशींचा एक छोटा पुंजका आहे, प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्स, १९९१ मध्ये दाखवलेला. हे कुठल्या शास्त्रज्ञाचं आडनाव नाही बरं का. एका परिषदेत टेबलावर असलेल्या जर्मन वाईनच्या बाटलीवरून ठेवलेलं नाव आहे ते. व्हायव्हात सांगू नकोस.

इंदूरला ग्रीन कॉरिडॉर (दान केलेला अवयव नेण्यासाठी मोकळा केलेला रस्ता) म्हटलं की रिक्षावालाही बाजूला होतो, एवढं अवयवदान इथे अंगवळणी पडलंय. पण त्याआधी आयसीयूत जे होतं ते म्हणजे तुझा हाच धडा, वरून खाली. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यानं आपल्याकडे ब्रेनस्टेमचा मृत्यू हा मृत्यू मानला. बाहुलीवर प्रकाश टाकतात: दुसरी आत, तिसरी बाहेर, मिडब्रेन तपासला. डोळ्याच्या बुबुळाला कापूस लावतात: पाचवी आत, सातवी बाहेर, पॉन्स. कानात बर्फाचं पाणी घालून डोळे हलतात का पाहतात: आठवी आत, सहावी आणि तिसरी बाहेर. घशाला स्पर्श करतात: नववी आत, दहावी बाहेर, मेड्युला. शेवटी व्हेंटिलेटर बाजूला करून, रक्तातला कार्बन डायऑक्साइड पुरेसा चढल्यावरही छाती हलते का ते बघतात. तो मेड्युलाच्या अगदी तळाचा प्रश्न. चार डॉक्टरांचं पथक हे करतं, आणि किमान सहा तासांनी पुन्हा सगळं करतं. हृदय मात्र चालूच असतं, कारण त्याचा ठेका त्याच्या स्वतःच्या आत आहे. नातेवाइकांना हेच पटवणं सगळ्यात कठीण जातं, आणि मला अजूनही सोपं झालेलं नाही.

आजोबांबद्दल. या झटक्यातून बरेच जण चांगले सावरतात. गिळणं बहुतेकदा काही आठवड्यांत सुधारतं. तोवर पातळ चहापेक्षा दाटसर पदार्थ द्या, हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला सांगा, जेवण झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवा. पोहे सध्या नकोत, सुटे दाणे घशात अडकतात. ते ऐकणार नाहीत हे मला ठाऊक आहे. उजव्या पायाला गरम पाण्याची पिशवी अजिबात लावू नका, भाजलेलं कळणार नाही. आंघोळीच्या पाण्यात त्यांनी आधी डावा हात घालून बघायचा. बधिर जागी पुढे आग किंवा मुंग्या सुरू झाल्या तर घाबरू नका, कळवा. त्याला औषध आहे.

रविवारी दुपारी मी घरी आहे. त्यांना घेऊन ये, टॉर्च आणि ट्यूनिंग फोर्क घेऊन ये. "आ" म्हणायला लावलं की त्यांची पडजीभ डावीकडे ओढली जाईल की उजवीकडे, ते आधी वहीत लिही, मग टॉर्च लाव.